मुळांवरील गाठींचा उलगडा

ज्या शेतात आदल्या हंगामी हरभरा, तूर किंवा मूग पिकला असेल, त्या शेतात पुढचे पीक जोमाने येते, हे आपल्याकडील शेतकऱ्यास पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेल्या या गुणास तो ‘बेवड’ म्हणतो. युरोपातील शेतकऱ्यांनाही हा अनुभव फार प्राचीन काळापासून होता. गहू जमिनीतून घेतो, आणि वाटाणा मात्र जमिनीत काही ठेवून जातो, असे त्यांना दिसे. परंतु हे असे का होते, याचे उत्तर कोणापाशीही नव्हते.

कडधान्याचे रोप हलक्या हाताने उपटून पाहिले, तर त्याच्या मुळांवर ज्वारी-बाजरीच्या दाण्याएवढ्या लहान लहान गाठी दिसतात. या गाठी विद्वानांनी शेकडो वर्षे पाहिल्या होत्या. कोणास तो मुळांचा रोग वाटे, तर कोणास रोपाने करून ठेवलेला अन्नाचा साठा वाटे. या गाठींत कोण राहते, हे ज्यांनी निर्विवादपणे दाखवून दिले, ते हॉलंडमधील थोर शास्त्रज्ञ म्हणजे मार्टिनस बायेरिंक.

मार्टिनसचा जन्म 16 मार्च 1851 रोजी अ‍ॅमस्टरडॅम शहरी झाला. त्याच्या वडिलांचा तंबाखूचा लहानसा व्यापार होता. मार्टिनस अगदी लहान असतानाच तो व्यापार बुडाला आणि कुटुंबावर हलाखीचे दिवस आले. वडिलांनी रेल्वेत कारकुनी पत्करली व ते बिऱ्हाड शहर सोडून लहान गावी राहावयास गेले. मुलास शाळेत घालण्याइतकीही ऐपत उरली नव्हती. म्हणून वडील दिवसभराचे काम उरकून घरी आले, की स्वतःच त्याला शिकवीत. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत वडील हेच मार्टिनसचे गुरू आणि घर हीच त्याची शाळा होती.

पुढे हार्लेम येथील शाळेत त्याचे नाव घातले गेले. इतर मुलांच्या मानाने तो उशिरा शाळेत आला होता, तरी त्याने ती उणीव लवकरच भरून काढली. याच काळात त्याला वनस्पतींचा छंद जडला. रानोमाळ हिंडून झाडपाला गोळा करावा, त्याची नावे शोधावीत, पानांची ठेवण न्याहाळावी, यात त्याचा वेळ जाई. विद्यापीठात जाऊन वनस्पतिशास्त्र शिकावे, असे त्याच्या मनात फार होते. परंतु घरची स्थिती आड आली. एका नातलगाने खर्चाचा भार उचलला, म्हणून त्याला डेल्फ्ट येथील तंत्रविद्यालयात प्रवेश घेता आला. तेथे त्याने रसायनशास्त्राचा अभ्यास केला आणि 1872 मध्ये पदविका मिळविली. तेथेच त्याची व्हान्ट हॉफ या विद्यार्थ्याशी मैत्री जमली. दोघे एकाच बिऱ्हाडात राहत व राहत्या खोलीतच रसायनांचे प्रयोग करीत. हाच मित्र पुढे 1901 मध्ये रसायनशास्त्राच्या पहिल्या नोबेल पारितोषिकाचा मानकरी ठरला.

बायेरिंक यांच्या मनातील वनस्पतींची ओढ मात्र रसायनशास्त्राने मावळली नाही. पोटासाठी शिक्षकाची नोकरी करीत करीत त्यांनी लायडेन विद्यापीठात अभ्यास चालू ठेवला आणि 1877 मध्ये डॉक्टर ही पदवी संपादन केली. त्यांच्या प्रबंधाचा विषय मोठा विलक्षण होता. झाडांच्या पानांवर वा फांद्यांवर कधी कधी गोल फुगवटे आलेले आपण पाहतो. एखादा कीटक तेथे अंडे घालतो आणि त्या अंड्याभोवती झाड आपल्याच शरीराची एक कोठडी बांधते. कीटकाच्या पिलाला त्या कोठडीत निवारा मिळतो आणि अन्नही मिळते. अशा फुगवट्यांवर बायेरिंक यांनी हा प्रबंध लिहिला.

या फुगवट्यांनी त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा केला. ही कोठडी कोण बांधतो? कीटकाला घर बांधता येत नाही, आणि झाडाला तर त्या घराची काहीच गरज नसते. पुढे वाळुंजाच्या जातीच्या एका झाडावर त्यांनी याचा शोध घेतला. कीटकाने पानात अंडे घातल्यावर ते अंडे टोचून मारले, तरीही तेथे फुगवटा वाढलाच. यावरून त्यांनी असे अनुमान काढले, की अंडे घालताना कीटक जो द्रव पानात सोडतो, तोच झाडाला वाढीचा इशारा देतो. इशारा परक्याचा असला, तरी बांधकाम मात्र झाडाचेच असते. हा विचार त्यांच्या मनात पक्का रुजला.

1876 पासून ते वाखेनिंगेन येथील शेतकी शाळेत शिकवीत होते. 1885 मध्ये डेल्फ्टच्या एका मोठ्या कारखान्याने त्यांना बोलावून घेतले. तेथे यीस्ट, म्हणजे पाव फुगविण्याचे किण्व, आणि मद्यार्क तयार होत असे. किण्व हा एक सूक्ष्म सजीव होय. त्याची निकोप वाढ व्हावी, म्हणून कारखान्याने बायेरिंक यांच्यासाठी प्रयोगशाळा उभारली. वनस्पतींचा अभ्यासक आता सूक्ष्म जीवांच्या जगात शिरला. एका जातीचे जिवाणू इतरांपासून वेगळे काढून शुद्ध स्वरूपात वाढविण्याची विद्या त्या काळी नवी होती. बायेरिंक यांनी ती उत्तम प्रकारे हस्तगत केली.

त्याच सुमारास जर्मनीतून एक मोठी वार्ता आली. हेर्मान हेल्रीगेल नावाच्या शास्त्रज्ञाने 1886 मध्ये आपल्या प्रयोगांचा वृत्तान्त विद्वानांपुढे मांडला. तो समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. वनस्पतींच्या वाढीस नत्र, म्हणजे नायट्रोजन, अत्यंत आवश्यक असते. आपल्या भोवतालच्या हवेत सुमारे 78 टक्के नत्रवायूच आहे, परंतु वनस्पतींना तो जसाच्या तसा घेता येत नाही. समुद्रात राहूनही तहानलेला राहणाऱ्या खलाशासारखी त्यांची अवस्था असते. हेल्रीगेल यांनी नत्रविरहित वाळूच्या कुंड्यांत ओट आणि वाटाणा ही पिके लावली. ओटचे रोप खुरटले. वाटाणाही, वाळू तापवून निर्जंतुक केली असता, खुरटलाच. परंतु त्या वाळूत शेतातील मातीचे थोडेसे पाणी घालताच वाटाण्याच्या मुळांना गाठी आल्या आणि रोप हिरवेगार होऊन वाढू लागले. हवेतील नत्र वाटाण्याच्या उपयोगी पडत होते, आणि त्याचे रहस्य गाठींत दडले होते.

हे तर सिद्ध झाले. परंतु चिमूटभर मातीत असंख्य जातींचे जिवाणू नांदत असतात. त्यांतील गाठी आणणारा जिवाणू नेमका कोणता? येथे बायेरिंक यांची दोन्ही ज्ञाने एकत्र आली. त्यांना वनस्पती कळत होत्या आणि जिवाणूही कळत होते. त्यांनी गाठी स्वच्छ धुऊन त्यांच्या अंतर्भागातील द्रव काढला. मग कडधान्याच्या झाडपाल्याचा काढा, थोडी साखर व जिलेटीन यांचे मिश्रण करून त्यावर तो पसरला. जो जिवाणू वाटाण्याच्या कुळात राहतो, त्याला त्याच कुळाचा पाहुणचार मानवेल, हा विचार त्यामागे होता. तो खरा ठरला. जिलेटीनवर जिवाणूंच्या शुद्ध वसाहती उगवल्या. हे वर्ष होते 1888. पुढे 1890 मध्ये बाकला नावाच्या कडधान्याच्या रोपांना हे शुद्ध जिवाणू देऊन त्यांनी मुळांवर गाठी आणून दाखविल्या. गाठींत राहणारा आणि गाठी आणणारा जिवाणू एकच आहे, याविषयी आता शंका उरली नाही. या जिवाणूंना आज आपण रायझोबियम या नावाने ओळखतो.

1895 मध्ये, ज्या विद्यालयात बायेरिंक शिकले होते, तेथेच ते प्राध्यापक झाले. तेथे त्यांनी आणखी दोन मोठी कामे केली. तंबाखूच्या पानांवर हिरवे-पिवळे ठिपके पाडणारा एक रोग होता. रोगट पानांचा रस त्यांनी चिनी मातीच्या गाळणीतून गाळला. या गाळणीतून कोणताही जिवाणू पार होत नसे. तरीही गाळलेल्या रसाने निरोगी रोपाला रोग जडला. यावरून 1898 मध्ये त्यांनी असे प्रतिपादन केले, की हा जिवाणू नव्हे, तर जिवंत पेशींतच वाढणारे एक निराळे रोगकारक आहे. त्यांनी त्यास विषाणू या अर्थाचे नाव दिले. विषाणूंच्या शास्त्राचा पाया अशा रीतीने घातला गेला. ज्या तंबाखूच्या व्यापाराने त्यांचे बालपण कष्टात गेले, तिच्याच पानांनी त्यांचे नाव अजरामर केले! त्यानंतर 1901 मध्ये, कोणत्याही रोपाचा आश्रय न घेता मातीत स्वतंत्रपणे राहून हवेतील नत्र बांधणारे जिवाणूही त्यांनी शोधून काढले.

बायेरिंक यांचा स्वभाव मात्र कठोर होता. आपल्या कामात ते रात्रंदिवस बुडून जात आणि इतरांनीही तसेच वागावे, अशी त्यांची अपेक्षा असे. विद्यार्थ्याच्या हातून चूक झाली, तर ते तोडून बोलत. त्यामुळे विद्यार्थी त्यांच्या ज्ञानाचा आदर करीत, पण त्यांच्याजवळ जाण्यास बिचकत. संसार आणि संशोधन या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत, असे त्यांचे ठाम मत होते. ते आजन्म अविवाहित राहिले. त्यांच्या घरी त्यांच्या दोन बहिणी राहत. त्यांपैकी हेन्रिएट ही चित्रकलेत निपुण होती. वर्गात शिकविण्यासाठी लागणारी वनस्पतींची व सूक्ष्म जीवांची मोठमोठी रंगीत चित्रे तिने आपल्या भावासाठी काढली. माणसांत एकाकी राहिलेल्या या शास्त्रज्ञाने दोन परक्या जीवांच्या सहजीवनाचे गूढ उकलावे, आणि त्याच्या स्वतःच्या कामामागेही बहिणीच्या प्रेमाचा हात असावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

1905 मध्ये त्यांना लेव्हेनहूक पदक मिळाले. सूक्ष्म जीवांच्या अभ्यासकांत हा बहुमान फार मोठा मानला जातो. 1921 मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, नियमाप्रमाणे ते निवृत्त झाले. प्रयोगशाळा सोडताना त्यांना फार जड गेले. बहिणींसह ते गोर्सल नावाच्या खेड्यात जाऊन राहिले आणि तेथील बागेत, बालपणापासूनच्या सोबती असलेल्या वनस्पतींच्या सान्निध्यात, त्यांनी आपले शेवटचे दिवस घालविले. 1 जानेवारी 1931 रोजी त्यांचे निधन झाले.

बायेरिंक यांनी गाठीत कोण राहते, हे सांगितले. परंतु गाठ कोण बांधतो, आणि किती गाठी बांधावयाच्या हे कोण ठरवितो, हा प्रश्न त्यांच्या हयातीत सुटला नाही. पानांवरील फुगवट्यांपुढे उभे राहून तरुणपणी त्यांनी जो प्रश्न विचारला होता, तोच हा प्रश्न होय. त्याचे उत्तर त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे अर्धशतकाने मिळू लागले.

आज आपल्याला असे समजले आहे, की प्रत्येक सजीवाच्या पेशींत जनुके असतात. शरीराची घडण व वागणूक कशी असावी, याच्या सूचना या जनुकांत साठविलेल्या असतात आणि त्या आईबापांकडून संततीकडे जातात. नत्राची उणीव भासली, की कडधान्याचे मूळ मातीत काही द्रव्ये सोडते. ही रोपाची हाक होय. ती ओळखीच्या जिवाणूंना पोहोचते, आणि त्यांची काही जनुके जागी होऊन एक उत्तराचे द्रव्य तयार करतात. या द्रव्याची रचना 1990 मध्ये फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी उलगडली. ते इतके प्रभावी आहे, की त्याचा अत्यल्प अंशही मुळाला पुरेसा होतो. काही रोपांना तर जिवाणू न देता नुसते हे द्रव्य दिले, तरी त्यांच्या मुळांवर गाठी येऊ लागतात. ज्याप्रमाणे कीटकाच्या द्रवाने पानावर फुगवटा आला, त्याचप्रमाणे जिवाणूच्या द्रव्याने मुळावर गाठ येते. इशारा पाहुण्याचा आणि बांधकाम यजमानाचे, हे बायेरिंक यांचे अनुमान येथेही लागू पडले.

परंतु पाहुण्यांचे आदरातिथ्य फुकट होत नाही. जिवाणू रोपाला नत्र देतात हे खरे. पण त्या मोबदल्यात रोपाला आपल्या पानांनी तयार केलेली साखर त्यांना पुरवावी लागते. गाठी थोड्या असतील, तर नत्र कमी पडेल. गाठी फार झाल्या, तर साखर त्यांतच खर्च होऊन रोप खंगून जाईल. म्हणून रोपाला हिशेब ठेवावा लागतो. हा हिशेब कसा ठेवला जातो, हे सोयाबीनच्या एका विचित्र वाणाने उघड केले. 1985 मध्ये ऑस्ट्रेलियातील कॅनबरा येथे शास्त्रज्ञांना काही रोपे अशी आढळली, की ज्यांच्या मुळांवर गाठींची नुसती दाटी झाली होती. त्यांचा हिशेब बिघडला होता. मग त्यांनी कलमे केली. साध्या रोपाच्या मुळावर बिघडलेल्या रोपाचा शेंडा बांधला, तेव्हा साध्या मुळालाही बेसुमार गाठी आल्या. बिघडलेल्या रोपाच्या मुळावर साधा शेंडा बांधला, तेव्हा मात्र गाठी बेताच्याच आल्या. गाठी येतात मुळांना, पण त्यांची मर्यादा ठरवितात पाने!

पुढील संशोधनाने ही व्यवस्था अधिक स्पष्ट झाली. पहिल्या काही गाठी धरू लागल्या, की मूळ एक सूक्ष्म निरोप वर पानांकडे धाडते. पानांत तो निरोप ओळखणारा एक पहारेकरी असतो. तो घडविणारे जनुक सोयाबीनमध्ये 2003 मध्ये सापडले. निरोप पोहोचताच पानांकडून मुळांना आज्ञा येते, की आता पुरे. नव्या गाठी नकोत. जमिनीत आधीच भरपूर नत्र असेल, तरीही रोप गाठी धरण्याचे आवरते. कॅनबरातील त्या रोपांत पहारेकऱ्याचे हे जनुकच बिघडलेले होते. म्हणून निरोप येऊनही त्यांच्या पानांकडून कोणतीही आज्ञा गेली नाही.

मुलांनो, हे ज्ञान केवळ पुस्तकात राहिलेले नाही. महाराष्ट्रातील शेतकरी आज पेरणीपूर्वी गुळाच्या थंड पाण्यात जिवाणू संवर्धक कालवून ते बियाण्याला हलक्या हाताने चोळतात, बियाणे सावलीत सुकवितात आणि लगेच पेरणी करतात. हरभऱ्याचे जिवाणू निराळे, सोयाबीनचे निराळे; ज्याचा त्याचा पाहुणा ठरलेला असतो. योग्य पाहुणा मिळाला, की पीक फुलोऱ्याच्या सुमारास गाठ नखाने फोडून पाहावी. आत गुलाबी रंग दिसला, तर गाठ आपले काम चोख बजावीत आहे, असे समजावे. तो रंग आपल्या रक्तातील लाल द्रव्याशी नाते सांगणाऱ्या एका द्रव्याचा असतो.

कारकुनीच्या कामातून थकून आलेल्या बापाने ज्या मुलाला घरी अक्षरे गिरवावयास शिकविले, त्या मुलाने पुढे मातीखालचे एक सारे जग वाचून दाखविले. त्या जगात परक्याला घरात घेतले जाते, त्याच्याकडून घेतले जाते आणि त्याला दिलेही जाते. परंतु घेण्याला आणि देण्याला दोहोंनाही मर्यादा असते. ही मर्यादा पाळली जाते, म्हणूनच रोप वाढते, जिवाणू जगतात आणि पुढील पिकासाठी जमिनीत काही शिल्लक राहते.